ड वर्ग

"फोन भरलाय," बाबांनी सांगितलं. "नष्ट करण्याजोगं होतं ते सगळं नष्ट केलं. तरी म्हणतोय जागा नाही. खोटं बोलतोय."

"फोन खोटं कसं बोलेल, बाबा?"

"मग मी बोलतोय असं म्हण. केव्हा येतेस?"

शनिवारी सकाळी आठ वाजता आमचं हे बोलणं झालं. आईला जाऊन सहा आठवडे झाले होते. या सहा आठवड्यांत बाबांनी मला आपणहून केलेला हा पहिला फोन. कारण असं की आपण जिवंत असल्याचं त्यांना सरकारला कळवायचं होतं. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं ते बँकेत जाऊन सही करून येत. यंदा गुडघा धड नव्हता आणि सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं की हल्ली फोनला नुसता चेहरा दाखवला तरी चालतं. त्याचं एक ॲप असतं. ते ॲप बाबांच्या फोनमध्ये उतरेना.

"दुकानात दाखवलात का कुठे?"

"मंडईजवळ दाखवला. त्याने न बघताच सांगितलं, नवीन घ्या. म्हटलं, गृहस्था, तुझ्याकडे घोटभर पाणी मागितलं तर तू विहीर विकायला निघालास."

मी वारज्याला राहते. बसने स्वारगेट, तिथून रिक्षाने सहकारनगर. साडेनऊला पोचले. बाबांनी दार उघडलं, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये. फोन टेबलावर आहे." जणू मी गॅस दुरुस्त करायला आले होते.

बाबांची नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेली. बत्तीस वर्षं त्यांनी कागदांची वर्गवारी केली. अ म्हणजे कायम जपायचे. ब आणि क म्हणजे ठरावीक वर्षं ठेवायचे. ड म्हणजे वर्ष झालं की नष्ट करायचे. प्रत्येक फायलीच्या वरच्या कोपऱ्यात ते शिसपेन्सिलीने एक अक्षर लिहीत आणि त्या अक्षरावर तिचं आयुष्य ठरे. निवृत्तीनंतर ही सवय घरात आली. लग्नाचा अल्बम अ. माझ्या आणि धाकट्या भावाच्या, आमोदच्या, गुणपत्रिका ब. विजेची बिलं, लग्नपत्रिका, दिवाळीची शुभेच्छापत्रं ड. आई हसायची. म्हणायची, "अहो, माझ्या कपाळावर कुठलं अक्षर लिहिलंयत ते तरी सांगा." बाबा वर न बघता म्हणायचे, "तुझं प्रकरण चालू आहे. चालू प्रकरणाचं वर्गीकरण होत नाही."

टेबलाशी बसून मी फोन हातात घेतला. बाबा शेजारी उभे राहिले. फोटो जवळजवळ नव्हतेच. सुप्रभातची फुलं नाहीत, कुणाच्या नातवंडांचे वाढदिवस नाहीत. फोन आतून त्यांच्या कपाटासारखा होता. तरीही जागा नव्हती. मग मी ट्रॅश उघडला.

"बाबा, तुम्ही हटवलेलं सगळं इथे आहे. एकशे एक्क्याऐंशी व्हिडिओ."

"इथे म्हणजे कुठे?"

"हटवलं की आधी इथे येतं. तीस दिवस राहतं, मग कायमचं जातं. तोवर जागा अडवून बसतं."

बाबांनी वाकून यादीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे गठ्ठा बांधून जिन्याखाली टाकला, लगद्याला गेलाच नाही."

"तसंच. आणखी चार दिवसांनी आपोआप जाईल."

"मग चार दिवसांनी बघू."

"दाखला पुढच्या आठवड्यात हवा म्हणालात. आणि मला काय दर चार दिवसांनी इकडे यायचंय?"

"मग आत्ता रिकामं कर. पण उघडू नकोस. न उघडता होतं ना?"

तिथे मी वर पाहिलं. नष्ट करायचा गठ्ठा आधी सोडायचा, एकेक कागद पाहायचा, यादीशी ताडायचा आणि मगच पुढे पाठवायचा, हा त्यांचा नियम आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांसारखा पाठ होता. न उघडता नष्ट कर, असं बाबा जन्मात कधी म्हणाले नव्हते.

मी यादी वर सरकवली. प्रत्येक चौकोनात आई होती. तीच हॉलमधली खुर्ची, तीच शाल. आई, एकशे एक्क्याऐंशी वेळा.

इथे एक सांगायला हवं. आईचा आवाज माझ्याकडे नव्हता. सहा आठवडे मी माझा फोन वरपासून खालपर्यंत धुंडाळत होते. तिचे न घेतलेले फोन होते, ढिगाने. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनात मी शाळेच्या पुस्तकांचं संपादन करते. कामाच्या वेळी तिचा फोन आला की कट करून 'नंतर करते' असा तयार मजकूर पाठवायचे. ते 'नंतर करते' ओळीने दिसत होते. तिचा आवाज कुठे नव्हता. आणि तो इथे, चार दिवसांच्या मुदतीवर, पडून होता.

"हे तुम्ही नष्ट केलंत?"

"ड वर्ग," बाबा म्हणाले. "काम संपलं."

"आईचा आवाज ड वर्ग?"

"तो आवाज नव्हे. सराव आहे तो." ते खांद्यावर पंचा टाकून वळले. "मी आंघोळीला जातो. येईपर्यंत रिकामं करून ठेव."

एप्रिलमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. समजायचं सगळं, बोलता यायचं नाही. एकच शब्द उरला होता: अहो. भूक लागली, अहो. पाय दुखतोय, अहो. मी दारात दिसले, तरी अहो. पन्नास वर्षं नवऱ्याला मारलेली हाक तेवढी तिच्या जिभेवर शिल्लक राहिली. आम्ही तिला वल्लरी मॅडमकडे नेऊ लागलो. त्या स्पीच थेरपिस्ट. घरी रोज सराव करायचा, त्याचं फोनवर चित्रण करून आणायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. दवाखान्यात आईबरोबर मी जायची, कारण बाबांना जिने चढवत नव्हते. मॅडमच्या सूचना मीच लिहून आणून द्यायची.

सराव सोमवार ते शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नाही. रविवारी नाही. बाबांनी सरावालाही सरकारी सुट्ट्या लावल्या होत्या. मी रविवारी यायची.

मोरीतून पाण्याचा आवाज यायला लागल्यावर मी मधलाच एक व्हिडिओ लावला. चौदा जून, सकाळचे सात दहा. सात मिनिटं लांबीचा.

तिपाईवर चहाचा कप. वाफ दिसते. कपावर बाबांचा हात आडवा.

"हे काय आहे?"

आई हसते. ओठाची एकच बाजू वर जाते. "अहो."

"अहो नाही. हे काय आहे?"

"अहो."

"शब्द, सुहास."

ती डावा हात पुढे करते. कप चार बोटं मागे सरकतो. ती पुन्हा हात पुढे करते, कप आणखी मागे. तिचं हसू मावळतं. ती तोंडाचा चंबू करते, घशातून काहीतरी ओढून काढायला बघते, मानेची शीर ताठ होते आणि बाहेर येतं ते, "अहो." मग ती रडते. डोळे पुसायलाही डावाच हात आहे, म्हणून तो कपाकडून माघारी येतो. बाबांचा आवाज चढत नाही. तो एकदाही चढत नाही. "हे काय आहे?" सातव्या मिनिटाला चहावर साय धरलेली दिसते. "निवला," बाबा म्हणतात. "संध्याकाळी पुन्हा." कप चौकटीबाहेर जातो.

पुढच्या व्हिडिओत पाण्याचं भांडं. त्याच्या पुढच्यात तिचा चष्मा. तो नसेल तर तिला काही दिसायचं नाही. चष्मा हातात धरून बाबा तिला विचारत होते, हे काय आहे.

सोळा तारखेच्या व्हिडिओत माझा फोटो.

"ही कोण?"

आईचा चेहरा असा उजळला की मी थांबवलं. पुन्हा सुरू केलं. "अहो," ती म्हणाली, "अहो, अहो." फोटोकडे बोट, दाराकडे बोट.

"नाव सांग."

"अहो."

बाबांनी फोटो उलटा ठेवला. मी तिपाईवर पालथी पडले.

ट्रॅशमधले व्हिडिओ पाहता येतात, दुसऱ्याला पाठवता येत नाहीत. त्यासाठी आधी ते परत आणावे लागतात. मी तेवढीही वाट पाहिली नाही. चहाचा व्हिडिओ लावला, माझा फोन त्यावर धरला आणि आईचा चेहरा, कप आणि बाबांचा हात एवढंच येईल असं जवळून टिपलं. चाळीस सेकंद. ते आमोदला पाठवलं. आमोद मेलबर्नला असतो. तेराव्याला येऊन गेला तेव्हा बाबांना म्हणाला होता, जानेवारीत तुम्हाला तिकडे नेतो, खोली रिकामीच आहे. त्याला मी खाली एक ओळ लिहिली: बघ, हे रोज चालायचं.

मला वाईट वाटलं नाही. उलट बरेच दिवसांनी काहीतरी नेमकं लिहिल्यासारखं वाटलं.

बाबा पंचाने मान पुसत बाहेर आले. टेबलावर व्हिडिओ चालूच होता. आईचा "अहो" त्यांनी दारातूनच ऐकला असणार, कारण ते तिथेच थबकले.

"रिकामं कर म्हटलं होतं."

"केलं असतं तर सोयीचं झालं असतं, नाही?"

त्यांनी पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"चहा, बाबा. चहा मागत होती ती. राज्य नव्हती मागत."

"सराव होता."

"कैद्यालाही वेळेवर चहा मिळतो. तुम्ही तिला शब्दासाठी तहानेली ठेवलीत. रोज. आणि वर वहीत नोंदही करत असाल. सुहासिनी, चहा, चूक."

"करत होतो," बाबा म्हणाले.

"मग तीही आणा. वाचू तरी द्या. किती चुकांनंतर मेली ते कळेल."

हे मी म्हटलं. आई गेली ती ऑक्टोबरात, दुसऱ्या झटक्याने. चहाचा तिच्या मरणाशी संबंध नव्हता आणि हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, कारण ते कुठे लागेल हेही मला ठाऊक होतं.

बाबांनी एकदा फ्रिजकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. आईचंच तोंड जसं उघडून मिटायचं, तसं.

"पूजा राहिलीय," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

मला आणखी हवे होते. एका व्हिडिओने आमोद म्हणाला असता, ताई, एखादा दिवस असेल तसा. म्हणून मी बारा जूनपासून ओळीने बघायला घेतलं. पहिल्याच व्हिडिओत बाबांनी फोन टेकवताना तो हलला होता आणि क्षणभर सगळी खोली दिसत होती. आईची खुर्ची, मागे फ्रिज, फ्रिजच्या दारावर चारी कोपऱ्यांना पट्ट्या लावून चिकटवलेला कागद. मी चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. अक्षरं फुटली, तरी वळण फुटलं नाही. आधी सगळी अक्षरं लिहून मग वर एकच सलग शिरोरेघ ओढायची, अशी माझी शाळेपासूनची सवय आहे.

वाचायची गरज नव्हती. मजकूर मला येत होता.

शब्द म्हटल्याशिवाय वस्तू देऊ नये.

त्याखाली दोन रेघा. त्याही माझ्याच.

वल्लरी मॅडम खूप बोलायच्या. एका वाक्यात तीनदा 'म्हणजे कसं'. मी एका प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर टिपून घेत होते. घरी बाबांसाठी स्वच्छ लिहिताना मी त्या बोलण्याचं एक वाक्य केलं. दिवसभर मी हेच काम करते. सात ओळींचा पाल्हाळ एका ओळीत बसवला की मला समाधान मिळतं. मॅडमच्या बोलण्यात एक आकडा होता, तो मी गाळला. गाळताना कारणही होतं माझ्याकडे. मला वाटायचं, बाबा आईच्या बाबतीत विरघळतात. आकडा दिला तर घड्याळ बघून सुटका करून घेतील.

कागद हातात घेऊन बाबांनी विचारलं होतं, "आणि नाहीच म्हटलं तर?"

मी पर्स खांद्याला लावत होते. "म्हणेल. तुम्ही ढिले पडू नका."

त्यांनी मान डोलावली. वरून आलेली लेखी सूचना होती. त्यांनी ती फ्रिजवर लावली आणि पाळली.

आतून घंटी वाजली. मी पुढचा व्हिडिओ लावला, त्याच्या पुढचा. आता प्रत्येकात तो कागद दिसत होता. आईच्या डोक्यामागे, कधी अर्धा, कधी पुरता. मगाशी मी आईचं तोंड बघत होते, म्हणून दिसला नव्हता. बावीस तारखेला मध्येच दाराची बेल वाजते, बाबा उठून जातात, फोन चालूच राहतो. स्वयंपाकघरातून द्वारकाबाई येते. ती पोळ्या करायची आणि आईचं बघायची. हातात बशी.

"पटदिशी पी, आजी. साहेब येत्यात."

आई तीन घोटांत बशी संपवते. द्वारकाबाई पदराने तिचं तोंड टिपते, बशी निऱ्यांमागे दडवते आणि जाते. बाबा येऊन बसतात. "हे काय आहे?" आई त्यांच्याकडे बघून हसते. त्या दिवशी सातही मिनिटं ती रडत नाही.

एक जुलै. खोलीत वल्लरी मॅडम. त्या एकदा घरी येऊन गेल्याचं बाबा म्हणाले होते, मी तेव्हा छपाईच्या घाईत होते. फोन फुलदाणीला टेकवलेला. बाबा, आई, कप. दोन मिनिटं मॅडम गप्प बघत राहतात. मग त्यांचा आवाज येतो.

"काका, किती वेळ थांबता तुम्ही?"

"म्हणेपर्यंत."

"म्हणजे?"

"म्हणेपर्यंत. सूचना आहे तशी."

"अहो, कोणाची सूचना? मी दहा सेकंद म्हटलं होतं. दहा सेकंद थांबायचं, मग पहिलं अक्षर आपण द्यायचं, आणि नाही आलं तरी वस्तू द्यायची. द्यायचीच. हा सराव आहे काका, शिक्षा नाहीये. किती दिवस करताय हे असं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

बाबा उठतात. पाय ओढत फ्रिजपाशी जातात आणि दाराला पाठ लावून उभे राहतात. कागद त्यांच्या पाठीमागे झाकला जातो.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली," ते म्हणतात.

मॅडम आईच्या हातात कप देतात. कप हिंदकळतो. त्या गडबडीत बाबांचा हात मागे जातो, पट्ट्या सुटल्याचा आवाज येतो. ते कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात घालतात. हे मॅडमना दिसत नाही. आईला दिसतं. ती कपावरून त्यांच्याकडे बघते.

"अहो," ती म्हणते.

त्यानंतरचे सगळे व्हिडिओ छोटे होते. वीस सेकंद, पंचवीस. "हे काय आहे?" मग बाबांचं दबक्या आवाजात मोजणं, एक, दोन, तीन, दहापर्यंत. "च." आई म्हणते, "अहो." बाबा म्हणतात, "बरं. घे." आणि कप तिच्या हातात. एकोणीस दिवस ते होतं, आणि मग तीन महिने हे.

हा एक जुलैचा व्हिडिओ परत आणायचा आणि आमोदला पाठवायचा, एवढंच करायचं होतं. दोन वेळा बोट टेकवायचं काम. पण तो पाठवला की आमोदने विचारलं असतं, मग बाबांना चुकीचं सांगितलं कोणी. आणि आमोदला मी मगाशीच एक ओळ लिहिली होती, चांगली नेमकी. मी बोट टेकवलं नाही. मॅडम, बाबा आणि आई पडद्यावर थांबलेले होते आणि मी त्यांच्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात त्यांच्यावर आमोदचं नाव उमटलं. फोन वाजू लागला.

बाबा आतून आले. कपाळाला गंध होतं. माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला.

"बोल रे."

आमोदचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. तो ओरडत होता. एरवी तो ओरडत नाही.

"हं," बाबा म्हणाले. "पाहिलास का? ... हं. ... नाही, डॉक्टरांनी नाही सांगितलं. ... मॅडमनीही नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. माझं तोंड धड होतं, दोन्ही बाजूंनी. मला सगळे शब्द येतात, मी त्यांच्यावरच पोट भरते. मी काही बोलले नाही.

"कोणी कशाला सांगेल?" बाबा म्हणाले. "माझ्या ऐकण्यात चूक झाली."

पलीकडे आमोद आणखी काही म्हणाला. बराच वेळ म्हणत होता.

"बरोबर आहे तुझं. जानेवारीचं राहू दे मग. ... नको, तिला नको देऊ फोन. कामात आहे ती. ठेवतो. फोनमध्ये जागा नाहीये."

त्यांनी फोन कानापासून दूर केला. पडद्यावर पुन्हा वल्लरी मॅडम आल्या, आणि फ्रिजला पाठ लावून उभे असलेले ते स्वतः. बाबांनी ते चित्र पाहिलं. गठ्ठ्यातला कागद पाहावा तसं, वरपासून खालपर्यंत. मग फोन माझ्यापुढे ठेवला.

"हाही त्यातलाच," ते म्हणाले. "सुटे काढत बसू नकोस. सगळे एकदम घे."

"बाबा..."

"कर."

फोनने विचारलं की एकशे एक्क्याऐंशी व्हिडिओ कायमचे हटवायचे का, आणि हे पुन्हा परत आणता येणार नाहीत. वाक्य चांगलं होतं. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं. मी 'हटवा'वर बोट ठेवलं. यादी मावळली आणि फोनमध्ये भरपूर जागा झाली.

ॲप उतरलं. मी बाबांना खिडकीशी बसवलं, उजेडाकडे तोंड करून. चेहरा वर्तुळात आणा, ॲपने सांगितलं. डोळ्यांची उघडझाप करा. बाबा टक लावून बघत राहिले.

"पापण्या हलवा, बाबा."

"किती वेळा?"

"एकदा पुरे."

त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले. वर्तुळ हिरवं झालं.

"झालं. आला दाखला."

"मुदत किती याची?"

"एक वर्ष."

"म्हणजे ड," बाबा म्हणाले.

हॉलमधल्या फ्रिजमधून दूध घेऊन मी स्वयंपाकघरात चहा टाकला. फ्रिजच्या दारावर चार कोपऱ्यांत पट्ट्यांचे चार पिवळट डाग होते. दर रविवारी मी या फ्रिजमधून दूध काढत होते. माझ्या फोनवर आमोदचा निरोप आलेला होता: ताई, तू एकटीने कसं सहन केलंस हे सगळं? त्याच्या वरती माझी ती ओळ, आणि तिच्या वरती चाळीस सेकंद. आईचा आवाज आता माझ्याकडे आहे. एवढाच आहे. त्यात फ्रिज येत नाही.

कप घेऊन मी बाहेर आले. बाबा खिडकीशीच बसले होते.

"चहा घेणार?"

त्यांनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वाफ आमच्यामधून वर जात होती. त्यांनी नुसतं हो म्हणायचं होतं, किंवा नको. दोन्ही शब्द त्यांना येत होते. ते काहीच म्हणाले नाहीत. कप माझ्या हातात होता आणि हात पुढे जात नव्हता. मी वाट बघत उभी राहिले. दहा सेकंद केव्हाच होऊन गेले होते.